वास कुठून घ्यायचा?

लेकीनं डाएटच्या नादात तेलाचा स्प्रे आणला, तेव्हा सासूबाईंनी तो डबा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "अगं, याचा वास कुठून घ्यायचा?"

प्रश्न रास्त होता. आमच्याकडे तेलाची किटली असो की खोबऱ्याची वाटी, आधी नाकाशी जाते. खवट, कुबट, ओशट, करपट. तारीख बघायची सवय फार नंतरची. हा डबा मात्र बंद. आत तेल, पदार्थ तव्याला चिकटू नये म्हणून किंचित लेसिथिन आणि ते बाहेर ढकलायला गॅस. हवा आत शिरत नाही, म्हणून तेल बरंच टिकतं. बिघडलं तर तेही आतल्या आतच.

मी तो हौसेनं शेगडीशेजारी, मिसळणाच्या डब्याला लागून ठेवला. नाशिकचा मे महिना, पारा चाळिशीला टेकलेला, वर दोन बर्नर. एकदा चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली: ५० अंशांवर तापू देऊ नका, उन्हात ठेवू नका, रिकामा झाला तरी भोक पाडू नका, जाळू नका. म्हणजे आचेला खेटून छोटा सिलिंडरच ठेवला होता की मी! त्याच दिवशी तो खालच्या कपाटात, गव्हाच्या कोठीमागे गेला. तिथे गेलेली वस्तू आमच्याकडे दिवाळीच्या साफसफाईलाच दिसते.

दिसला. तारीख उलटून दोन महिने झालेले, तोंडाशी चिकट पिवळं कडं. पण तारीख गेली म्हणजे तेल गेलंच असं नाही, म्हणून नोझल काढून गरम पाण्यानं धुतलं आणि ताटलीत एक फवारा मारला. नुसता फेस आणि गॅसचा वास.

"थांब, उडू दे तो," सासूबाई म्हणाल्या. पाच मिनिटांनी त्यांनी ताटली नाकाशी नेली, मग माझ्याकडे सरकवली. जुने शेंगदाणे आणि त्यामागून मेणाचे खडू. थेट लेकीचं बालवाडीतलं दप्तर.

"खवट."

निम्मा भरलेला डबा घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळा दिला. "दाबू नका हो, आत गॅस आहे." त्यानं माझ्याकडे जरा संशयानंच पाहिलं.

तोवर आत सासूबाईंनी कांदा मधोमध कापून काट्याला खोचला होता. तेलात टेकवून तव्यावर फिरवला, चर्र झालं, धिरडं अलगद सुटलं. "लासलगावच्या जिल्ह्यात राहायचं आणि तव्याला डबा आणायचा!"

"आजी, हा अर्धा कांदा किती दिवस चालतो?" लेकीनं विचारलं.

सासूबाईंनी तो तिच्याच नाकाशी धरला.