थायरॉइडमधली पानगळ

माझ्या हाशिमोटो थायरॉइडायटिसचे, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटण्याच्या आजाराचे, निदान झाले, तेव्हा रिपोर्टमधला अँटी-टीपीओचा, म्हणजे टीपीओ या थायरॉइडमधल्या विकराविरुद्धच्या (एन्झाइमविरुद्धच्या) प्रतिपिंडांचा (अँटीबॉडींचा), आकडा एवढा मोठा होता की पुढची दोन वर्षे मी त्या आकड्यालाच आजार समजत होते. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईने अशी चूक करावी हे फारसे शोभणारे नाही. आकडा खाली आणण्याचे उपाय सांगणारे नातेवाईक आणि जाहिराती मात्र भरपूर भेटल्या. पुढे सवडीने वाचत गेले, तेव्हा लक्षात आले की प्रतिपिंडे किती आहेत यापेक्षा ग्रंथीत कोणत्या पेशी मरत आहेत आणि त्या कशा मरत आहेत, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

जपानमधील फुकुओका येथील तरुण शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या थायरॉइड ग्रंथींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या ग्रंथींत लिम्फोसाइट या प्रतिकारयंत्रणेतल्या पांढऱ्या रक्तपेशींची एवढी दाटी होती की जागोजागी लसिका ग्रंथीत दिसावेत तसे त्यांचे पुंजके तयार झाले होते. असे का घडते, याचे उत्तर मिळायला १९५६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लंडनमध्ये रॉइट, डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा रुग्णांच्या रक्तात थायरोग्लोब्युलिन या थायरॉइडमधल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली, तर अमेरिकेत बफेलो येथे रोझ आणि विटेब्स्की यांनी सशांना सशाच्याच थायरॉइडचा अर्क टोचून त्यांच्यात हा दाह निर्माण करून दाखवला. शरीर स्वतःवर उलटत नाही, या जर्मन शास्त्रज्ञ पॉल अर्लिख यांच्या विचारपरंपरेत विटेब्स्की वाढले होते. त्यामुळे हा निष्कर्ष स्वीकारणे त्यांना किती जड गेले असेल, याची कल्पना करता येते.

तेव्हापासून प्रतिपिंडांना मुख्य आरोपीचे स्थान मिळाले. वास्तविक टीपीओ हे विकर मुख्यतः पेशीच्या आतल्या, कलिलाकडे (ग्रंथीतल्या पोकळ्यांत साठलेल्या दाट द्रवाकडे) तोंड केलेल्या बाजूला असते आणि थायरोग्लोब्युलिन तर त्या कलिलातच साठवलेले असते, त्यामुळे पेशींची भिंत शाबूत असताना रक्तातली प्रतिपिंडे तिथवर सहजी पोहोचत नाहीत. याहून बोलका पुरावा नवजात बाळांचा आहे. आईची अँटी-टीपीओ प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात, तरीही बाळाची थायरॉइड सहसा व्यवस्थित काम करत असते. ही प्रतिपिंडे पूर्णपणे निर्दोष आहेत असे मी म्हणणार नाही, कारण कॉम्प्लिमेंट या रक्तातल्या संरक्षक प्रथिनांना जागे करून ती हानीत भर घालू शकतात. परंतु एकट्याने ग्रंथी उद्ध्वस्त करणे हे त्यांचे काम दिसत नाही.

मग पेशी मरतात कशा? केर, वायली आणि करी या तिघांनी १९७२ मध्ये पेशींच्या नियोजित मृत्यूला अपोप्टोसिस हे नाव दिले, ज्याचा ग्रीक भाषेतला अर्थ पाने गळणे असा आहे. आपल्याकडे पानगळ हा शब्द असताना पाठ्यपुस्तकात तो वापरावासा कोणाला वाटला नाही, याची मला नेहमीच हळहळ वाटते. या मृत्यूत पेशी आक्रसते, तिचे आवरणात बांधलेले तुकडे होतात आणि भक्षक पेशी ते निमूटपणे उचलून नेतात, म्हणून शेजारी दाह होत नाही.

हाशिमोटोमध्ये ही पानगळ बाहेरून लादली जाते. ग्रंथीत शिरलेल्या टी-पेशी (लिम्फोसाइटांचाच एक प्रकार) इंटरफेरॉन-गॅमासारखे आणि भक्षक पेशी इंटरल्युकिन-१ बीटासारखे संदेश सोडतात. त्यांच्या प्रभावाखाली थायरॉइड पेशींच्या पृष्ठभागावर फास नावाचा ग्राहक (रिसेप्टर) वाढतो आणि आत्मनाश रोखून धरणारे बीसीएल-२ हे प्रथिन घटते. त्यानंतर फासला जुळणारा रेणू येऊन चिकटला की आत पेशीचे तुकडे पाडणाऱ्या कॅस्पेज विकरांची साखळी सुरू होते. तो रेणू थायरॉइड पेशींकडेच असतो आणि त्या एकमेकींना मारतात, असा दावा १९९७ मध्ये एका इटालियन गटाने केला. ही भाऊबंदकीची कल्पना मला फार आवडली होती, पण प्रयोगात तो रेणू ओळखण्यासाठी वापरलेली प्रतिपिंडे पुरेशी नेमकी होती का, यावर लगेचच आक्षेप घेतले गेले. मारणारा रेणू लिम्फोसाइटांकडून येतो, असे मानले तरी मृत्यूची यंत्रणा तीच राहते.

थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करू लागते त्या ग्रेव्हज आजाराशी तुलना केली की हे चित्र अधिक स्पष्ट होते. तिथेही लिम्फोसाइट ग्रंथीत शिरतात आणि फासही उपलब्ध असतो, मात्र थायरॉइड पेशींत मृत्यूला अटकाव करणारी प्रथिने वाढलेली आढळतात आणि अपोप्टोसिसला बळी पडतात ते घुसलेले लिम्फोसाइट. पेशी वाचतात, टीएसएच या थायरॉइडला चालना देणाऱ्या हार्मोनच्या ग्राहकाला चिकटलेली प्रतिपिंडे त्यांना अखंड कामाला जुंपतात आणि हार्मोनचा पूर येतो. एकाच ग्रंथीत, एकाच प्रकारच्या गोंधळात, मरणारी बाजू बदलली की आजारही जवळजवळ उलटा होतो!

अलीकडे पायरोप्टोसिस या पेशीमृत्यूच्या दुसऱ्या प्रकाराकडेही लक्ष वळले आहे. हा मृत्यू पानगळीसारखा शांत नसतो: इन्फ्लमासोम नावाचे प्रथिनसंकुल जागे होते, गॅसडर्मिन-डी हे प्रथिन पेशीपटलाला छिद्रे पाडते आणि पेशी फुटून तिच्यातले सारे बाहेर सांडते, त्यात इंटरल्युकिन-१ बीटाही असते. म्हणजे फास वाढवणारा तोच संदेश पुन्हा शेजारच्या पेशींकडे जातो. सोबत टीपीओ आणि थायरोग्लोब्युलिनही उघड्यावर येते, त्यातून नवी प्रतिपिंडे तयार होतात आणि दाहाचे चक्र फिरत राहते. त्यामुळे माझ्या रिपोर्टमधला तो आकडा मला आता मुख्यतः झालेल्या पडझडीची नोंद वाटतो.

सकाळी उपाशीपोटी घेतली जाणारी थायरॉक्सिनची गोळी हार्मोनची उणीव भरून काढते. पेशींचे मरण थांबवणे हे तिचे काम नाही. गेल्या वर्षी टीएसएच पुन्हा वाढला आणि माझा डोस ५० वरून ७५ मायक्रोग्रॅमवर गेला. अँटी-टीपीओही परत तपासायचे का, असे मी जुन्या सवयीने विचारले, तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिता लिहिताच "कशासाठी?" असे विचारले आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.