चार वाजताचा सुळका सापडला, आणि त्यामागोमाग थंडी

मंडळी, सापडला एकदाचा! माझ्या गच्चीवरच्या हवामान केंद्राच्या तापमानात नवरात्रापासून डोकं खाणारा तो सुळका. मागच्या नोंदीतला आलेख आठवत असेल. निरभ्र दिवशी अडीच-तीनला कमाल गाठून तापमान शहाण्यासारखं उतरायला लागतं आणि मग एकाएकी परत चढतं, दीड-दोन अंश. वीस-पंचवीस मिनिटं वरच बसून राहतं आणि नंतर काही झालंच नाही अशा थाटात खाली येतं. परिणाम असा की दिवसाची कमाल भलत्याच वेळी लागायची, आणि तीही विमानतळावरच्या वेधशाळेपेक्षा दोन अंशांनी वर.

दोन अंशांचं काय एवढं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडं. इंदुरात ऑक्टोबरची कमाल सरासरीने ३२-३३ च्या घरात असते. त्या सरासरीच्या दीड अंश वरखाली असलं तरी हवामान खातं त्याला ‘सामान्य’च म्हणतं. १.६ पासून ‘सामान्यापेक्षा जास्त’ सुरू होतं आणि ३.१ नंतर त्याच्याही वरची पायरी. म्हणजे माझ्या सुळक्याने रोज एक पायरी फुकटात चढवून दिली होती. दसऱ्यानंतरची माझी वही कुणी उघडली असती, तर माळव्यात वैशाख परत आला असंच समजला असता.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बीएमई२८० या सेन्सरवर बोट ठेवलं होतं. तो स्वतःच्याच विजेने थोडा तापतो हे खरं, पण घड्याळ बघून तापत नाही. शिवाय तापमानासाठी तो केव्हाच उतरवलाय, आता एसएचटी३१ हा सेन्सर आहे. तरी खात्री म्हणून त्याच थाळ्यांच्या कवचात (सेन्सरवर थेट ऊन पडू नये म्हणून भोवती रचलेल्या पांढऱ्या थाळ्या) डीएस१८बी२० हा दुसरा तापमान-सेन्सर सोडला. त्याआधी थर्मासमध्ये चुरलेल्या बर्फात बुडवून त्याचा शून्य तपासला होता, फरक नगण्य. पुढच्या निरभ्र दिवशी दोघे हातात हात घालून सुळका चढले. सेन्सर निर्दोष. सेन्सरचे आकडे वाचणारी ईएसपी३२ ची सर्किट-पाटी तीन हात लांब नेली, सुळका तसाच. स्लॅबची धग म्हणावी तर ती हळूहळू येते आणि रात्रीपर्यंत रेंगाळते, वीस मिनिटांत आटपत नाही.

खरी गंमत वेळेची होती. दसऱ्याच्या आसपास सुळका सव्वातीनला यायचा. कोजागिरीनंतर साडेतीनला. दिवाळी येईपर्यंत चारला पाच मिनिटं कमी. म्हणजे सूर्यास्त रोज अलीकडे येतोय आणि सुळका रोज पलीकडे चाललाय! घरातलं कुठलंही यंत्र, पंप, फ्रिज, शेजाऱ्यांचा एसी, असं वागत नाही. हे वागणं सूर्याचंच. पण मावळतीकडे झुकणाऱ्या सूर्याने रोज उशिरा का तापवावं, हे काही केल्या कळेना. आणि ढगाळ दिवशी सुळक्याचा पत्ताच नाही.

उत्तर मिळालं ते चिवड्याच्या पोह्यांमुळे. पातळ पोह्यांना ऊन द्यायला आईने गच्चीवर चादर घातली होती. दुपारी उन्हाबरोबर ती ओढत न्यायचं काम माझ्याकडे. जिन्याच्या खोलीच्या पूर्वेला तीननंतर सावली असते, म्हणून मी चादर तिथून हलवायला गेले, तर आई म्हणाली, “अगं, असू दे तिथेच. तिथे हल्ली चारलाही ऊन येतं.” ऊन कसं येईल? सूर्य जिन्याच्या खोलीच्या मागे! पण पोह्यांवर चांगला पिवळट उजेड पडला होता. वर पाहिलं तर कपड्यांच्या दोरीवरच्या प्रत्येक चिमट्याला दोन सावल्या होत्या. एक ठळक, पूर्वेकडे. दुसरी फिकट, पश्चिमेकडे. गच्चीवर दोन सूर्य उगवले होते.

दुसरा सूर्य म्हणजे मागच्या रस्त्यावरची नवी व्यापारी इमारत. पावसाळ्यात तिच्या पश्चिमेच्या अंगाला निळी चकचकीत काच बसली. माझ्या गच्चीवरून ती आग्नेयेपेक्षा थोडी पूर्वेला येते. सूर्य पश्चिमेपासून साधारण २५ अंश दक्षिणेला आला की काच त्याला पश्चिमेपासून तेवढाच उत्तरेला परतवते, आणि बरोबर त्या रेषेत माझं केंद्र. जसजसा सूर्य दक्षिणायनात पुढे जातो, तसतसा तो त्या ठरावीक दिशेला रोज उशिरा पोहोचतो. म्हणून सुळका पलीकडे सरकत होता. उन्हाळ्यात चार वाजता सूर्य जवळपास पश्चिमेलाच असतो, तेव्हा तिरीप दुसऱ्याच कुणाच्या तरी गच्चीवर पडत असणार.

पुरावा हवा म्हणून काळी छत्री आणली. पावणेचारला केंद्राच्या पूर्वेच्या अंगाला उघडी धरून उभी राहिले. दहा मिनिटांत तापमान १.४ ने उतरलं. छत्री मिटली, परत चढलं. समोरच्या गच्चीवरचे काका बराच वेळ बघत होते, मग न राहवून विचारलंच, “काय गं, ऊन पश्चिमेला आणि छत्री पूर्वेला?” त्यांना म्हटलं, या आणि सावल्या मोजा. आले, मोजल्या, आणि आता रोज चारला तेही दोरीकडे बघतात.

तिरीप पडली तरी चांगल्या कवचाने एवढं तापायला नको होतं. इथे मला विक्रेत्याबद्दल दोन शब्द बोलायचेच आहेत. नाव घेत नाही, पण ‘अतिनील-रोधक, व्यावसायिक दर्जाचं’ असं छापून ज्याने हे थाळ्यांचं कवच माझ्या गळ्यात घातलं, त्याच्या कवचाची एक थाळी काढून विजेरीपुढे धरली तर मागची बोटं मोजता येतात. पांढरं प्लॅस्टिक नव्हे, दुधी कागद! भरीला ऑक्टोबरातलं वारं. पावसाळी वारे गेलेले, उत्तरेचे अजून जोरात सुरू झालेले नसतात. दुपारी कितीतरी वेळ वारामापकाच्या पंखुड्या हलतसुद्धा नाहीत. असं निवांत हवेवर चालणारं कवच वारा पडला की आतल्या आत तापतंच. जूनमध्ये सूर्य डोक्यावर असतो, वरची थाळी सगळं झेलते आणि वाराही असतो, म्हणून तेव्हा हे कवच गुणी वाटलं. कवचाची परीक्षा जूनमध्ये घेऊ नका, ऑक्टोबरात घ्या. कुंडीखालच्या ताटल्यांना आतून काळा आणि बाहेरून पांढरा रंग देऊन केलेली घरगुती कवचं यापेक्षा बरी, हे माझं आता ठाम मत आहे.

तर ऑक्टोबरच्या आकड्यांचं काय करायचं? सुळका खोडून ‘दुरुस्त’ कमाल लिहायचा मोह झाला होता. तो आवरला. कच्चे आकडे तसेच ठेवलेत, शेजारी वेगळ्या रकान्यात सुळक्याआधीची कमाल. त्या रकान्याप्रमाणे पहिले तीन आठवडे अगदी बेताचे निघाले, १९९१-२०२० च्या सरासरीच्या दीड अंशाच्या आत. आमचा तापलेला ऑक्टोबर काचेत विरघळला.

विचित्र होता तो शेवटचा आठवडा, आणि त्यात काचेचा काही हात नाही. तारखांनी पाहिलं तर यंदाचा, २०२५ चा, मान्सून परतताना फार वेळ चुकवून गेला नाही. केरळात तो २४ मेला, म्हणजे आठवडाभर लवकर आला होता. राजस्थानातून परतीला १४ सप्टेंबरला सुरुवात झाली, तिची सामान्य तारीख १७. सगळ्या देशातून १६ ऑक्टोबरला गेला, सामान्य तारीख १५. आता आकाश मोकळं, असं म्हणून मी पर्जन्यमापकाचं नरसाळं पुसून ठेवलं. आणि दिवाळी होते न होते तोच अरबी समुद्रात कमी दाबाची प्रणाली आणि बंगालच्या उपसागरात ‘मोंथा’ चक्रीवादळ, दोन्ही एकाच वेळी. मोंथा २८ ऑक्टोबरच्या रात्री आंध्रच्या किनाऱ्यावर चढलं आणि आपल्याकडे दोन्हीकडची ओल ओढली गेली. ढग, भुरभुर, मधूनच बऱ्यापैकी सर. दिवसा कमाल वर येईना, रात्री किमान खाली जाईना. दोघांत पाच-सहा अंशांचं अंतर, जे ऑक्टोबरअखेर इथे चौदा-पंधरा असायला हवं. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती’ हे ज्याने म्हटलं, त्याच्या शेतात काढलेलं सोयाबीन उघड्यावर पडलेलं नसणार.

पावसाचा हिशेब लिहिताना एक लक्षात ठेवा: वेधशाळेचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. ३० च्या रात्री पडलेला पाऊस ३१ च्या नावावर जातो. आपल्या आणि वेधशाळेच्या आकड्यांवरून वाद घालण्याआधी हे पाहिलं तर निम्मे वाद मिटतील. माझ्या पर्जन्यमापकातलं उलटणारं भांडं ०.२ मिमीला एकदा उलटतं, आणि भुरभुरीत शेवटचा अर्धा घोट वाऱ्यावर सुकून जातो. त्यामुळे भुरभुरीच्या दिवसांत शेजारचं साधं मोजपात्रच खरं मानलं.

आणि त्यानंतर दोन आठवड्यांत थेट थंडीची लाट! मध्य प्रदेशात नोव्हेंबरात इतक्या लवकर एवढी थंडी सहसा येत नाही. इंदूरची नोव्हेंबरची किमान सरासरीने १३-१४ च्या आसपास, आणि यंदा विमानतळाचा पारा त्याच्या कितीतरी खाली. उत्तरेचा कोरडा वारा, ढगांचं पांघरूण नाही आणि पठारावरची मोकळी जमीन, मग रात्रभर उष्णता वर निघून जाते. कमाल-किमान अंतर पाच-सहावरून अठरा-वीसवर. एकाच वहीच्या समोरासमोरच्या पानांवर!

पण माझी गच्ची मात्र म्हणते, एवढी काही थंडी नाही. पावसाळी रात्री माझी आणि विमानतळाची किमान जवळजवळ एक होती. थंडीच्या रात्री मी तीन-साडेतीन अंशांनी वर. यात कवचाला दोष देता येत नाही. उलट निरभ्र रात्री थाळ्या आकाशाकडे उष्णता फेकून स्वतः गार पडतात, म्हणजे कवच तापमान थोडं कमीच दाखवत असणार. हा फरक खरा आहे: स्लॅब, भिंती, टाकी, लोकमान्य नगरातली दाट वस्ती. ढग असले की सगळीकडे सारखं, ढग गेले की वस्ती आणि माळरान वेगळे होतात. म्हणजे माझ्या आकड्यातून विमानतळाची सरासरी वजा करायची आणि ‘यंदा इतकं जास्त’ म्हणायचं, हे सरळ गणित चालायचंच नाही. फरक हवेगणिक बदलतो. आता वहीत रोजच्या रात्रीला खूण करतेय, ढगाळ की निरभ्र, वारा की निवांत, आणि प्रत्येक प्रकाराचा फरक वेगळा काढतेय. वर्षभराच्या नोंदी जमल्या की बोलू.

वारा पडला तरी आत हवा खेळती राहावी म्हणून पंख्याच्या कवचाचं काम सुरू आहे. बाहेर ११० मिमीचा पीव्हीसी पाइप, आत ७५ चा, मधे हवेची पोकळी, वर ८० मिमीचा पंखा हवा खालून वर ओढणारा. ओढणाराच हवा. ढकलणारा लावला तर मोटरची गरमी सेन्सरवरच येते. सियागंजच्या बाजारात पाइपाचा हातभर तुकडा मागितला तर पूर्ण लांबीच गळ्यात घालायला निघाले. शेवटी एका नळकाम करणाऱ्याकडून उरलेले तुकडे मिळाले, चहाच्या मोबदल्यात. पंखा जेल रोडवरून. “दीदी, एकदम साइलेंट है,” असं सांगून दिलेला पंखा दुसऱ्याच रात्री कण्हायला लागला. बॉल बेअरिंगचाच घ्या आणि तीन तारांचाच घ्या, तिसऱ्या तारेवर फेऱ्या मोजता येतात. वीज गेली की पंखा थांबतो आणि ती नळी म्हणजे भट्टी होते, म्हणून फेऱ्या शून्य असतील तेव्हाचं तापमान आपोआप बाद करायचं ठरवलंय.

ठरलं होतं असं की नवं कवच चढलं की जुनं भंगारात. पण लिहिता लिहिता डोक्यात आलं, जुनं तिथेच राहू दे. पंख्याचं आणि बिनपंख्याचं, दोन्हींतला फरक म्हणजे फुकटात मिळालेला तिरीपमापक. सुळका आता पावणेपाचच्या घरात गेलाय आणि बारीक झालाय, आणखी थोड्या दिवसांत समोरच्या घरांआड जाईल. २१ डिसेंबरनंतर सूर्य उलटा फिरेल आणि २० ऑक्टोबरला जिथे होता तिथे साधारण २० फेब्रुवारीला परत येईल. सुळका तेव्हा यायलाच हवा. फक्त चारला नाही, चार-वीसच्या सुमारास, कारण फेब्रुवारीत इथला मध्यान्ह घड्याळात ऑक्टोबरपेक्षा जवळपास अर्धा तास उशिरा येतो. माझी ही वेळ चुकीची निघाली तर पैज लावणाऱ्याला सराफ्यात भुट्ट्याचा कीस माझ्याकडून.

दुसरं म्हणजे इंदूरजवळच्या राऊला मावशीच्या अंगणात, मातीवर, दीड मीटर उंचीवर एक साधं केंद्र लावायचं मनात आहे. मावशी तयार आहे. अट एवढीच, की तुळशीच्या आड यायचं नाही. माझी गच्ची आणि विमानतळ यांच्यात तिसरा साक्षीदार मिळेल. कुणाकडे पडून असलेला एसएचटी३१ असेल तर सांगा, बदल्यात बीएमई२८० देते, त्याचा दाबाचा आकडा अजून चोख आहे.