सशांच्या मांगरातली गादी आणि आपला पाऊस

कोंबड्यांची गादी पद्धत, म्हणजेच डीप लिटर, कोकणात आता कोणाला नवी नाही. जमिनीवर भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा पसरायचा, तो ओला होऊ लागला की वर सुका थर द्यायचा आणि हंगामाच्या शेवटी सगळे खत एकदम काढायचे, एवढीच तिची रीत आहे. सशांच्या मांगरातही, म्हणजे त्यांच्या खोपीतही, हीच रीत चालते, पण ससा कोंबडीसारखा वागत नाही आणि समुद्रकाठची हवा वर्षातले चार महिने काहीच वाळू देत नाही. या दोन गोष्टी धरून गादीचे वेळापत्रक आखावे लागते.

कोंबडी दिवसभर उकरत असल्यामुळे गादी आपोआप खालीवर होत राहते. ससा मात्र लघवीसाठी बहुधा एकच कोपरा धरतो. त्यामुळे उरलेली गादी कोरडी असताना तो एक कोपरा चिंब होतो. सशाच्या कोरड्या लेंड्यांचा त्रास फारसा नसतो, खरी अडचण लघवीची असते, कारण तिच्यातल्या युरियापासून अमोनिया सुटतो आणि सशाचे नाक त्या थरापासून जेमतेम चार-पाच इंचांवर असते. अमोनियाने नाकातले अस्तर दुखावले की पाश्चुरेला जिवाणूंना वाव मिळतो आणि शिंका, नाकातून पू आणि पुढे न्यूमोनिया अशी मालिका सुरू होते. म्हणून वास घ्यायचा तो दारात उभे राहून नव्हे, तर उकिडवे बसून, सशाच्या उंचीवर. तिथे डोळे चुरचुरले तर तो कोपरा त्याच दिवशी काढून टाकावा. अशा वेळी काही जण वर चुना भुरभुरतात. तो ओल्या गादीवर पडला की अल्कता वाढून अमोनिया उलट अधिक सुटतो, तेव्हा चुना गादी काढल्यानंतर रिकाम्या जमिनीसाठी ठेवावा.

थंड प्रदेशांत ही गादी फूट-दीड फूट वाढू देतात, कारण खालच्या थरात कुजण्याने जी ऊब तयार होते ती तिथे जनावरांना हवीच असते. आपल्याकडे नेमके उलट आहे. सशाला घाम जवळजवळ येत नाही, तो अंगातली उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो आणि पारा 30 अंशांच्या वर गेला की धापा टाकू लागतो. एप्रिल-मे महिन्यांच्या दमट उकाड्यात त्याच्या पोटाखाली आणखी एक भट्टी पेटवण्यात अर्थ नाही. म्हणून मी गादी सहा इंचांच्या वर जाऊ देत नाही आणि कुजवण्याचे काम मांगराबाहेरच्या खड्ड्यावर सोपवतो. तळ जांभ्याच्या चिऱ्यांचा असावा, कारण मातीची जमीन मिळाली की ससे बिळे खणतात आणि त्या बिळांतून उंदीर व त्यांच्यामागून साप येतात.

खाली तूस आणि वर भाताचा पेंढा ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते. नारळाच्या सोडणातला काथ्याचा भुसा पाणी उत्तम शोषतो, पण एकदा भिजला की लवकर सुकत नाही, त्यामुळे तो फक्त लघवीच्या कोपऱ्यात वापरावा. आंब्याचा सुका पातेराही चालतो; राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, तो आधीच कोणी गोळा केला नसेल तर. काजूच्या टरफलांना मात्र हात लावू नये, कारण त्यांतले तेल कातडी भाजते. ससे पेंढा खातात हेही विसरून चालत नाही. बुरशी आलेली किंवा काळी पडलेली एकही पेंढी आत जाता कामा नये.

एवढे सांभाळले तर दिवाळीपासून मेपर्यंत गादी उत्तम चालते, आणि हा काळ भातशेतीशी नेमका जुळतो. कापणी-झोडणी झाली की नवा पेंढा आणि भरडल्यावर तूस हाताशी येतो. मृगाआधी गादी काढली की तरव्यासाठी (भाताच्या रोपांसाठी), परसातल्या भाजीसाठी आणि नारळाच्या आळ्यांसाठी खत तयार असते.

पावसाळ्यात मात्र मी गादी ठेवत नाही. ओल्या आणि उबदार गादीत कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीची बीजांडे एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात, लेंड्यांनी माखलेल्या पेंढ्यातून ती परत सशाच्या पोटात जातात आणि दूध तुटलेली पिल्ले हगवणीने पटापट दगावतात. सिंधुदुर्गात पाऊस 3000 मिलिमीटरच्या आसपास पडतो; पागोळ्यांचे पाणी आत आले नाही तरी हवेतली ओल पेंढा पिऊन घेतोच.

त्या चार महिन्यांसाठी माणगा बांबूच्या पट्ट्यांचा, दीड-दोन फूट उंच असा माच करावा. माणगा भरीव असल्याने तो सशांच्या दातांसमोरही बराच टिकतो. पट्ट्यांतली फट लेंडी पडेल पण पाय अडकणार नाही इतकी, साधारण अर्धा इंच, ठेवावी आणि पट्ट्यांच्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात. जाळीवर सतत राहिल्याने मोठ्या सशांच्या मागच्या तळपायांना जखमा होतात, म्हणून माचावर एका बाजूला बसण्यापुरती सपाट फळी टाकावी आणि ती दोन-तीन दिवसांआड धुऊन, चुलीजवळ सुकवून परत ठेवावी.