तीस सेकंदांत नापास

शुक्रवार, रात्र. म्हणजे शनिवार लागून दीड तास झालाय.

आज बँडकॅम्प फ्रायडे होता. बँडकॅम्प म्हणजे कलाकार आणि लेबलं (रेकॉर्ड कंपन्या) आपलं संगीत थेट विकतात ती साइट. करोनाच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, हा प्रकार सुरू झाला. त्या दिवशी बँडकॅम्प विक्रीतला आपला वाटा घेत नाही, एरवी डिजिटलवर १५ टक्के कापतं. त्यामुळे छोटी लेबलं नवं काही काढायचं तर हाच दिवस धरतात आणि माझा इनबॉक्स ओसंडतो. आज ४१ रिलीज. माझी चाळणी ठरलेली: प्ले, मध्यावर टिचकी, शेवटाकडे टिचकी, नापास. पुढचा.

त्यातच एक चार ट्रॅकची ईपी, म्हणजे छोटा अल्बम, होती. कव्हरवर नाव नाही, नुसता कॅटलॉग नंबर. लॅपटॉपवर काय ऐकू आलं, तर किक ड्रमचा ठोका आणि वर बारीक टिकटिक. नापास केली, पण टॅब बंद करायचा राहिला. तासाभरानं दुसऱ्याच कशासाठी हेडफोन चढवले आणि चुकून तीच लागली. टिकटिकीच्या खाली अख्खी चाल होती! पन्नास हर्ट्झच्या आसपासचा खर्ज, तीन सुरांत फिरणारा, आणि तिसरा सूर दर खेपेला केसभर उशिरा. लॅपटॉपच्या बोटभर स्पीकरांतून एवढं खालचं काही बाहेर पडतच नाही. म्हणजे मी साल चाटून फळाचा निकाल लावला होता.

शिवाय पहिलं मिनिट नुसता ठेका असतो तो माझ्यासाठी नसतोच. आधीच्या ट्रॅकवर हा बसवायला डीजेला मोकळी जागा लागते. १२८ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२८ ठोके असताना, चार-चार ठोक्यांचे ३२ बार म्हणजे बरोबर एक मिनिट. ती विळ्याची मूठ, आणि मी मूठ बघून धार ठरवत बसलेय, इतकी वर्षं.

लयीच्या बाबतीतही हेच झालंय माझं. टांझानियातल्या दार-ए-सलामचं सिंगेली, तिथलं सुसाट नाचाचं संगीत, पहिल्यांदा ऐकलं, युगांडातल्या कंपालाच्या न्येगे न्येगे टेप्स या लेबलनं काढलेलं. २००च्या वर बीपीएम. फाइल दुप्पट वेगानं वाजतेय असं वाटून मी चक्क सेटिंग तपासलं होतं. शिकागोच्या फुटवर्क या नाचाच्या संगीतात तर सम कुठे तेच सापडेना. १६० बीपीएम, पण बेस बऱ्याचदा अर्ध्या लयीत चालतो. ते कळल्यावर मान ८०वर डोलायला लागली आणि वरची ड्रमची तडतड एकदम मोकळी झाली. त्याला आठवडाभर लागला, तीस सेकंद नाही.

(सगळ्यांनाच अशी माफी नाही. 'डिकन्स्ट्रक्टेड क्लब', म्हणजे मोडतोड केलेलं क्लब-संगीत, असा टॅग लावून काच फोडणाऱ्यांनी आता थोडी विश्रांती घ्यावी. काच फुटल्याचा आवाज पहिल्यांदा दचकवतो, पन्नासाव्यांदा नुसता केर काढावासा वाटतो.)

मग नापासांची फेरतपासणी काढली. हेडफोन, पहिल्या सेकंदापासून, टिचकी न मारता. नऊ झाल्या. सात पुन्हा नापास, आणि बरोबर नापास. दोन घेतल्या. त्यातली एक ती नंबरवाली. तिसरा ट्रॅक सध्या चौथ्यांदा चालू आहे, उशिरा येणारा तो सूर मोजून पकडायचा प्रयत्न करतेय. अजून तरी हातात येत नाही.