त्वचा, केस आणि नखे : मृत पेशींचे काम

आरशात आपण जो चेहरा पाहतो, त्याचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. आपण विंचरतो ते केस आणि कापतो ती नखेही मृतच असतात. म्हणूनच केस कापताना काहीच जाणवत नाही, पण तोच केस मुळापासून उपटला की डोळ्यांत पाणी येते. मृत भाग बाहेर आणि जिवंत भाग आत, ही मांडणी नीट लक्षात घेतली तर त्वचा, केस आणि नखे यांविषयीचे निम्मे गैरसमज आपोआप दूर होतील, असे मला वाटते.

प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ साधारण दीड ते दोन चौरस मीटर असते. तिच्या बाहेरच्या भागात, म्हणजे बाह्यत्वचेत, रक्तवाहिन्या नसतात. या थराच्या तळाशी असलेल्या पेशी सतत विभाजित होत राहतात, नव्या पेशी जुन्यांना वर ढकलतात आणि वर सरकताना त्या जुन्या पेशींमध्ये केरॅटिन हे चिवट प्रथिन साठत जाते. पृष्ठभागाशी पोहोचेपर्यंत पेशी चपटी होते, तिचे केंद्रक नाहीसे होते आणि ती मरते. तळापासून निघून गळून पडेपर्यंत तिला साधारण महिनाभर लागतो. या मृत पेशी आणि त्यांच्या मधल्या फटी भरणारे स्निग्ध पदार्थ मिळून शरीरातील पाणी आत राखतात. मोठ्या भागावर गंभीर भाजलेल्या रुग्णाला शिरेवाटे भरपूर द्रव द्यावे लागतात, त्यामागे हा अडसर नष्ट होणे हेही एक कारण असते.

रंगही याच थरात तयार होतो. मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि सावळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनिनच्या प्रकारात आणि त्याच्या कणांच्या आकारात, प्रमाणात व विखुरण्यात. हे कण शेजारच्या पेशींत जाऊन केंद्रकाच्या वरच्या बाजूला छत्रीसारखे जमतात आणि अतिनील किरणांपासून आतल्या डीएनएचे रक्षण करतात. रंगावरून माणसांनी आजवर जे काही केले आहे, ते पाहता या कणांचे मूळ काम एवढेच आहे, याचे मला नेहमी नवल वाटते.

त्याखालच्या अंतस्त्वचेत कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचे जाळे, रक्तवाहिन्या, चेतातंतूंची टोके आणि घामाच्या ग्रंथी असतात. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे वाफ होऊन गेला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. नुसता निथळून खाली पडलेला घाम मात्र फारसा उपयोगाचा नसतो, आणि दमट हवेत आपण घामाघूम होऊनही उकाड्याने हैराण होतो ते त्यामुळेच. पाण्यात बराच वेळ राहिल्यावर बोटांच्या टोकांना पडणाऱ्या सुरकुत्याही जिवंत भागाचेच काम आहे. त्वचा पाणी शोषून फुगल्यामुळे त्या पडतात असे आपण मानतो, परंतु बोटाकडे जाणारा चेतातंतू तुटलेला असेल तर त्या बोटाला सुरकुत्या पडत नाहीत. चेतासंस्थेच्या आज्ञेने तिथल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि वरची त्वचा आत ओढली जाते.

केसाचा जिवंत भाग त्वचेखालच्या केशकूपाच्या तळाशी असतो. त्यामुळे वस्तऱ्याने दाढी केल्यावर केस दाट किंवा जाड होतात, हा समज टिकूच शकत नाही. वस्तरा केशकूपापर्यंत पोहोचतच नाही, फक्त निमुळते टोक कापले गेल्याने उरलेला खुंट राठ लागतो. डोक्यावरचा केस काही वर्षे वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते आणि सुमारे तीन महिने विश्रांती घेऊन तो गळतो. रोज पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. मोठा ताप किंवा बाळंतपण यांनंतर एकाच वेळी पुष्कळ केस विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी पुंजक्यांनी गळू लागतात. तोवर मूळ कारण विसरलेले असते आणि दोष जातो नव्या शाम्पूला.

नखाचे मूळ मागच्या कातडीखाली दडलेले असते आणि अंगठ्याच्या नखाच्या बुडाशी दिसणारी फिकट चंद्रकोर हा त्याचाच दिसणारा भाग असतो. नखावरचे पांढरे ठिपके कॅल्शियमच्या कमतरतेमुळे येतात असे घरोघरी सांगितले जाते, पण बहुतेक वेळा ते मुळाला बसलेल्या किरकोळ माराचे असतात. मार विस्मरणात जातो आणि ठिपका काही आठवड्यांनी वर सरकून दिसू लागतो. गंभीर आजारात मुळाची वाढ काही काळ मंदावली तर नखावर आडवी खाच उमटते. फ्रेंच वैद्य बो यांनी १८४६ मध्ये या खाचांचे वर्णन केले आणि त्या आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, त्यामुळे खाच मुळापासून सहा मिलिमीटर पुढे गेलेली असेल तर आजारपण साधारण दोन महिन्यांपूर्वीचे असावे, असा अंदाज बांधता येतो. पायाच्या अंगठ्याचे नख याच्या निम्म्या वेगाने वाढते, म्हणून तिथे हीच खाच वर्षभरानंतरही सापडू शकते.