फीनिक्स ते ब्राइस कॅन्यन: नवा ट्रेलर आणि २१५ डॉलरचा फ्यूज

आधी हिशोब. पंधरा अँपियरचा निळा फ्यूज सुटा घेतला तर अर्ध्या डॉलरच्या आसपास पडतो. तो बदलायला रविवारी आलेल्या मेकॅनिकने आमच्याकडून २१५ डॉलर घेतले आणि बसवला तोही चुकीचा. हा वृत्तांत मुख्यतः त्या २१५ डॉलरचा आहे. ब्राइस कॅन्यन, म्हणजे युटातलं राष्ट्रीय उद्यान, मधेमधे येईल.

ट्रेलर, म्हणजे ट्रकमागे ओढायचं फिरतं घर, नवा, चोवीस फुटी, घरी येऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. घेताना डीलरने 'डिलिव्हरीपूर्व तपासणी' या नावाखाली वेगळे पैसे लावले होते. भलीमोठी यादी, प्रत्येक ओळीसमोर बरोबरची खूण. दिव्यांसमोरही. नवी वस्तू आहे, कशाला काय होतंय, अशा भ्रमात मी कपाटात अवजारं कमी आणि चकल्या जास्त भरल्या.

ट्रेलर ओढणं, उतारावर ब्रेक सांभाळणं, जागेवर नेऊन सपाट उभा करणं हे तुम्हाला येतं असं धरून पुढचं लिहितोय. येत नसेल तर आधी जवळपासच्या कॅम्पग्राउंडवर दोन रात्री काढा.

शुक्रवारी फीनिक्स ते पेज नावाचं गाव, पावणेतीनशे मैल, एका दिवसात आरामात होतं. पेजला रात्री सगळे दिवे लागले, गरम पाणी आलं, लेक पॉवेलवर संध्याकाळ छान गेली. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच. एक मात्र लक्षात ठेवा, ऑक्टोबरात घड्याळ छळतं. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यातली, तासभर पुढची वेळ पाळत नाही, वाटेत लागणारा नवाहो आदिवासींचा स्वायत्त प्रदेश, नवाहो नेशन, पाळतो, युटाही पाळतं. त्यामुळे नवाहो हद्दीतल्या कॅमेरॉनच्या आसपास फोन एक तास पुढे जातो, पेजला मागे येतो, आणि पेज सोडून युटात शिरलं की पुन्हा पुढे. शनिवारी आम्ही 'अजून पाच वाजतायत' म्हणत युटातल्या कानाब गावात रेंगाळलो, तेव्हा तिथे सहा वाजले होते. फ्यूज मिळू शकला असता असं शेवटचं उघडं दुकान आम्ही असं घालवलं. पुढचा दिवस रविवार. युटाच्या त्या भागात रविवारी बरीच दुकानं उघडतच नाहीत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगतोय.

ब्राइसला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. पार्कच्या बाहेर खाजगी कॅम्पग्राउंडवर वीज-पाण्याची जागा घेतली होती. जागेवरच्या विजेच्या खांबाला केबल जोडली, दार उघडलं, बटण दाबलं, दिवे लागले. दार लावलं आणि सगळे दिवे एकदम गेले.

मायक्रोवेव्हचं घड्याळ चालू होतं, म्हणजे बाहेरून वीज येत होती. इथे पहिल्यांदा ट्रेलर घेणारे गोंधळतात, मीही गोंधळलो. मायक्रोवेव्ह आणि एसी १२० व्होल्टवर चालतात, पण छतातले दिवे, पंप, फर्नेसचा (ट्रेलर गरम ठेवणाऱ्या गॅस हीटरचा) पंखा हे सगळं १२ व्होल्टवर. त्यांची वीज कन्व्हर्टर (१२० व्होल्टचे १२ करणारा डबा) आणि बॅटरीतून येते आणि मोटारीत असतात तसल्या चपट्या पात्यांच्या फ्यूजमधून पुढे जाते. खांबावरचा ब्रेकर चालू-बंद करत बसण्यात अर्थ नाही. मी पंधरा मिनिटं तेच केलं.

फ्यूजच्या पेटीत 'लाइट्स' लिहिलेल्या निळ्या फ्यूजशेजारी लाल ठिपका पेटला होता. बऱ्याच पॅनेलना अशी सोय असते, पण त्या वाटेवरचं काहीतरी चालू असेल तरच ठिपका नीट पेटतो. सगळी बटणं बंद करून पाहाल तर उडालेला फ्यूजही साळसूद दिसेल. फ्यूज काढून उजेडात धरा, आतली तार तुटलेली दिसते. सुटे निळे फ्यूज दोनच होते. पहिला लावला, टिक. दुसरा लावला, थोडा वेळ चालला, मुलगी बाहेरून आत आली, दार लागलं, टिक. संपले.

अंधाराचं एवढं काही नाही, डोक्याला बॅटरी बांधून जेवता येतं. खरी गंमत नंतर कळली. फर्नेस लागेना, कारण त्याचा थर्मोस्टॅट त्याच 'लाइट्स'च्या फ्यूजवर. बाथरूमचा पंखा त्याच्यावर. आणि गॅसगळती ओळखणारा डिटेक्टरही त्याच्यावर. पेटीवर यातलं अक्षरही लिहिलेलं नाही. ब्राइस आठ हजार फुटांवर आहे, त्या रात्री पारा उणे चारला गेला. डिटेक्टर मेला असेल तर प्रोपेनच्या टाक्या बाहेरून बंद करायच्या आणि मगच झोपायचं, यात थंडी वाजते वगैरे ऐकून घ्यायचं नाही. आम्ही तेच केलं. बायकोने शेकायची पिशवी आणली होती, मायक्रोवेव्हमध्ये पाणी तापवून ती रात्रभर तिघांत फिरली. पंधराशे वॅटचा साधा इलेक्ट्रिक हीटर बरोबर असता तर खांबाच्या विजेवर मजेत चालला असता, साडेबारा अँपियर फक्त. आता तो कायम ट्रेलरमध्ये असतो.

रविवारी सकाळी कॅम्पग्राउंडच्या कचेरीतून एका फिरत्या मेकॅनिकचा नंबर मिळाला. यायचे आणि पहिल्या तासाचे मिळून १७५, रविवार म्हणून वर ४०. फोनवरच विचारून घ्या, आल्यावर घासाघीस होत नाही. तो आला, पेटी उघडली, फ्यूज लावला, दिवे लागले. 'नव्या गाडीत होतं असं कधीकधी,' म्हणाला. अकरा मिनिटं. ना मीटर काढला, ना एकही दिवा उघडून पाहिला. मी कारण विचारलं तर म्हणे, लोड जास्त होत असेल.

हे वाक्य ऐकलंत की समजा, समोरच्याने डोकं घरी ठेवलंय. आमच्या ट्रेलरमध्ये सगळे एलईडी दिवे. एकूण एक पेटवले तरी दोन-तीन अँपियरच्या वर जाणार नाहीत. पंधराचा फ्यूज त्यांनी उडणं शक्यच नाही, म्हणजे कुठेतरी तार तारेला लागतेय. हा विचार मला तो गेल्यावर सुचला, हे कबूल करतो. रात्रभर कुडकुडलेल्या माणसाला दिवा लागला की बाकी काही दिसत नाही.

दुपारी सनसेट पॉइंटवरून नवाहो लूपची पायवाट उतरून आलो. सुंदर आहे, जा.

संध्याकाळी मुलगी धावत आत आली, दार धाडकन लागलं, टिक. बायकोने डोक्यावरच्या बॅटरीचा झोत पेटीत टाकला आणि म्हणाली, "अरे, हा पिवळा आहे. काल निळा होता ना?"

पिवळा म्हणजे वीस अँपियर. निळा म्हणजे पंधरा. ते बेणं पंधराच्या जागी वीसचा ठोकून गेलं होतं. आमच्या दिव्यांची तार चौदा गेज जाडीची, तिला पंधराचंच संरक्षण हवं. फ्यूज असतो तो तारेला वाचवायला, दिव्याला नाही. तार आत प्लायवूड आणि थर्माकोलच्या मधून जाते. मोठा फ्यूज लावला की तो उडायच्या आधी तार तापू शकते, आणि ती तापलेली तुम्हाला दिसत नाही, कारण ती भिंतीच्या आत असते आणि भिंतीला पाठ लावून मूल झोपलेलं असतं. एक अँपियर जास्त म्हणूनही कोणी सुचवलं तर त्याला चहा न विचारता घालवून द्या.

रात्रीचे आठ, म्हणजे सांगलीत सकाळचे साडेसात. मोठ्या भावाचं तिथे मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. फोन केला.

"दादा, फ्यूज लावला की उडतोय. आता उरलेही नाहीत."

"अरे, मग लावतोस कशाला? सिरीज लाव."

लहानपणी त्याच्या दुकानात तो लाकडी बोर्ड बघितलेला, शंभरचा बल्ब आणि दोन वायरी. मोटर जोडायच्या आधी तो सिरीजमध्ये लावून बघायचा. बल्ब पूर्ण पेटला की आत शॉर्ट. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन बसलेल्या मला हे ब्राइसच्या थंडीत दादाने फोनवर सांगावं लागलं.

बल्ब १२ व्होल्टचा पाहिजे, आणि तारेचा. एलईडी चालत नाही. शेजारी आयडाहोचे एक निवृत्त आजोबा जुना ट्रेलर घेऊन आले होते. त्यांच्या छताच्या दिव्यांत अजून ११४१ नंबरचे जुने बल्ब आहेत, दीड अँपियरच्या आत-बाहेर घेणारे. त्यांनी होल्डरसकट एक दिला, वर वायरीच्या टोकाला लावायचे दोन चपटे लगही दिले. पैसे विचारले तर हसले. चकल्या घेतल्या.

आता करायचं कसं ते नीट वाचा. खांबावरची केबल काढून टाका, १२० व्होल्टची भानगड नकोच. बॅटरीवर काम होतं. उडालेला फ्यूज काढा आणि त्याच्या दोन खाचांत बल्बच्या दोन वायरींचे लग बसवा. म्हणजे फ्यूजच्या जागी बल्ब. आता कुठेही शॉर्ट झाला तरी तारेतून बल्बापुरतेच दीड अँपियर जाणार. काही तापत नाही, फ्यूज जळत नाहीत, कितीही वेळ शोधत बसा. सगळी बटणं बंद करा. बल्ब विझलेला किंवा निखाऱ्यासारखा मंद असेल तर ठीक, ते डिटेक्टरसारख्या बारीकसारीक गोष्टींचं खाणं. पूर्ण उजेडाने पेटला तर शॉर्ट आत्ता, या क्षणी लागलेला आहे. मग एकेक दिवा, एकेक जोड सुटा करत जा. ज्याला हात लावल्यावर बल्ब विझेल तिथे तुमचा चोर.

आमचा चोर लपाछपी खेळणारा. बल्ब मंद. दार आपटलं, लख्ख. पुन्हा मंद. मुलीला बल्बासमोर बसवलं आणि मी मुठीने भिंत ठोकत निघालो. स्वयंपाकघर, काही नाही. स्लाइडची (ट्रेलरच्या बाहेर सरकणाऱ्या भागाची) कड, काही नाही. खरं तर माझा पहिला संशय तिच्यावर होता, स्लाइड आत-बाहेर होताना वायर घासतात. बाहेरचा दिवा उघडला, त्याच्या स्क्रूखाली वायर चिमटलेल्या सापडतात म्हणून, स्वच्छ. दाराशेजारच्या खिडकीवर पडद्याची लाकडी पट्टी आहे. तिच्यावर थाप मारली.

"बाबा, लागला!"

हात काढला. "गेला."

पट्टी दाबली. "लागला. गेला. लागला." पोरीला खेळच मिळाला.

पट्टीचे तीन स्क्रू सोडवले. पहिले दोन्ही एकेक इंचाचे, तिसरा दोन इंची. त्याच्या टोकाशी आट्यांमध्ये लाल प्लास्टिकचा बारीक तुरा अडकला होता. आत बॅटरी मारली तर मागून जाणाऱ्या जोडतारेच्या बरोबर मधून तो स्क्रू गेला होता, लाल तारेची साल एका बाजूने, पांढरीची दुसऱ्या बाजूने सोललेली. कारखान्यात बसवला तेव्हा नुसता घासला असणार. सव्वाचारशे मैलांच्या हादऱ्यांनी उरलेली साल घालवली. पेजला दिवे लागले ते नशिबाने.

दुरुस्ती करण्याआधी स्क्रू, भोक आणि तार यांचे फोटो काढा, मोजपट्टी जवळ धरून. नाहीतर वॉरंटीवाले म्हणतात तुम्हीच केलंत. मग बॅटरीचं निगेटिव्ह काढून दुखरा तुकडा कापला, दोन्ही तारा बट कनेक्टरने (दोन टोकं दाबून जोडणाऱ्या नळीने) जोडल्या, त्यावर तापवून आवळणारी नळी चढवली, आणि त्या भोकात पाऊण इंची स्क्रू लावला. निळे फ्यूज सोमवारी पँग्विच गावात मिळाले. रविवारची रात्र पुन्हा पिशवीवर गेली, पण या वेळी मला थंडी वाजली नाही. रागाने की आनंदाने, माहीत नाही.

बरोबर न्यायचं ते एवढंच: सगळ्या रंगांच्या फ्यूजचा डबा, होल्डरसकट जुना बल्ब, साधा मल्टिमीटर, क्रिंपिंगची पक्कड, इलेक्ट्रिक हीटर. आणि घरी, अंगणात, एकेक फ्यूज काढून काय काय बंद पडतं ते लिहून पेटीच्या दाराला आतून चिकटवा. तासाभराचं काम. डीलरच्या यादीपेक्षा हा कागद जास्त उपयोगी.

डीलरकडे पाच आठवड्यांनी तारीख मिळाली. बाकीच्या खिडक्यांवर तसेच आणखी दोन लांब स्क्रू निघाले, ते वॉरंटीत बदलून दिले. २१५ डॉलर मात्र नाही, कारण मेकॅनिक 'त्यांच्या परवानगीशिवाय' बोलावला होता. मी तपासणीची यादी पुढे केली, दिव्यांसमोरच्या खुणेवर बोट ठेवलं. काउंटरवरच्या माणसाने ती वाचली आणि पालथी करून ठेवली.

पिवळा फ्यूज अजून ट्रकच्या कपहोल्डरमध्ये आहे. डिसेंबरात सांगलीला जाणार आहे, दादाने तो मागितलाय. दुकानात सिरीज बोर्डाशेजारी खिळ्याला टांगणार म्हणतो, खाली किंमत लिहून.