लॅथँडरला नैवेद्य काय?

रविवार, रात्री

जेवताना सासूबाईंनी भाच्याला विचारलं, "तुमच्या त्या देवाला नैवेद्य काय दाखवतात रे?" तो गप्प. मग मोबाईल काढून बराच वेळ शोधत बसला.

देव म्हणजे लॅथँडर. पहाटेचा, नव्या सुरुवातीचा देव, चिन्ह उगवता सूर्य. राहायला डन्जन्स अँड ड्रॅगन्स नावाच्या खेळात. भाचा आणि त्याचे इंजिनिअरिंगचे मित्र जुळे सोलापुरात एकाच्या गच्चीवर जमतात, वीस बाजूंचे फासे टाकतात आणि एकेक पात्र होऊन अर्ध्या रात्रीपर्यंत गोष्ट रचत बसतात. भाच्याचं पात्र क्लेरिक, म्हणजे लॅथँडरचा पुजारी. इथवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण हल्ली स्वारी खेळ नसला तरी सूर्योदयाला उठते, गच्चीवर जाते आणि पूर्वेला तोंड करून हात जोडते. वहिनी आधी खूश होती, पोरगं सूर्यनमस्कार घालायला लागलं म्हणून. खरं काय ते कळल्यावर तिने मला फोन केला, "ताई, तुम्हीच विचारा, तुमचं ऐकतो तो."

विचारलं. म्हणाला, "आत्या, तो कुणीतरी लिहिलाय हे मला माहितेय गं. तरी तिथं उभा राहिलो की समोर कुणीतरी आहे असं वाटतं."

चेष्टा करत असता तर मला कळलं असतं. हे पोरगं खोटं बोलायला लागलं की कानाची पाळी ओढतं. आज हात ताटात होता.

सासूबाईंचं मत सोपं होतं: सूर्यालाच करतोस ना, मग तांब्याभर अर्घ्य दे की. तो म्हणाला, "सूर्य वेगळा, आजी." त्यावर हा नैवेद्याचा प्रश्न आला. मोबाईलमध्ये चिन्ह सापडलं, देवाचा स्वभाव सापडला, शस्त्र सापडलं, पुजाऱ्याला कोणकोणते मंत्र मिळतात तेही सापडलं. नैवेद्य कुठं नव्हता. "मग जेवतो काय तो?" असं म्हणत सासूबाईंनी कडक भाकरी मोडली आणि विषय त्यांच्यापुरता संपला.

सोमवार

माझा काही संपला नाही. ऑफिसात हिशेब जुळवताना डोक्यात हेच.

हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांचा. १९८० मध्ये या खेळासाठी देवांचं एक पुस्तक आलं. त्यात ग्रीक देव, इजिप्तचे देव आणि चक्क आपलेही: इंद्र, अग्नी, रुद्र, विष्णू. प्रत्येकाला अंगावरच्या वाराचे गुण दिलेले, म्हणजे अमुक इतका मार बसला की देव संपला. भाच्याने ते पान दाखवलं तेव्हा आधी राग आला, मग हसू. विष्णूला मार्क देणारा हा कोण परीक्षक!

पण त्या पानावरून एक गोष्ट लक्षात आली. खेळातला देव दोन कामांसाठी घडवलेला असतो. एक, त्याच्याशी किंवा त्याच्या माणसांशी लढता यावं. दुसरं, त्याच्याकडून काही मिळावं. क्लेरिकने सकाळी प्रार्थना करायची, की दिवसभराचे मंत्र जमा. घेण्याची बाजू एकदम चोख लिहिलेली. देण्याच्या बाजूला कागद बऱ्यापैकी कोरा. सासूबाईंनी बोट ठेवलं ते नेमकं तिथंच. पुस्तकांत कुठंतरी लॅथँडरच्या मंदिराचे सणवार असतीलही, पण भाच्याला ते पाळावे लागत नाहीत. आपल्याकडे देव म्हटला की आधी त्याला काय चालतं आणि काय चालत नाही हे कळतं. तो देतो काय, ते पुढचं पुढं.

लॅथँडरचं जग रचलं एड ग्रीनवुड नावाच्या कॅनडाच्या माणसाने. १९८७ पासून ते या खेळासाठी छापून यायला लागलं. आणि तिथले सगळेच देव त्याच्या मनातले नव्हेत. टीर हा उत्तर युरोपातल्या जुन्या लोकांचा देव त्याने जसाच्या तसा उचलला. मिएलिक्की आणि लोव्हिअतार फिनलंडच्या, ओग्मा आयर्लंडकडचा. टीरला मानणारी माणसं आजही आहेत. आइसलंडमध्ये जुन्या देवांना मानणाऱ्यांच्या संघटनेला १९७३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. म्हणजे त्या गच्चीवर एखाद्या पोराने टीरचा पुजारी व्हायचं ठरवलं तर तो खोट्या देवाचा भक्त की खऱ्या? मला तरी हे सांगता येईना. भाच्याला विचारलं तर म्हणतो, "आत्या, तू आमच्या डीएमपेक्षा डेंजर आहेस." डीएम म्हणजे गोष्ट चालवणारा.

गुरुवार

आईची आठवण येतेय दोन दिवस. आईचे शुक्रवार.

संतोषी मातेचा सिनेमा १९७५ चा. त्याच्या आधी या देवीला मानणारे होते, व्रताच्या छोट्या पोथ्याही उत्तरेकडे मिळायच्या, पण जुन्या पुराणांत ती सापडत नाही आणि सोलापुरात आमच्या गल्लीत तर तिचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. सिनेमा आला आणि बायका टॉकीजच्या दाराशी चपला काढून आत जायला लागल्या, पडद्यावर नाणी उधळायला लागल्या. आईने दादांच्या गिरणीच्या पगारातले पैसे वाचवून तो पाहिला आणि सोळा शुक्रवार धरले.

त्या दिवशी गूळ-फुटाणे, आणि आंबट घरात वर्ज्य. चिंच, ताक, लिंबू, काही नाही. आमटीत चिंच नसली की दादा नुसतं ताटाकडे बघत बसायचे, पण बोलायचे नाहीत. शेजारच्या पद्मशाली काकू एकदा शुक्रवारी प्रेमाने ताक घेऊन आल्या. आईने भांडं दारातच हातात घेतलं, पदराने झाकलं आणि तसंच परत नेऊन दिलं, वर त्यांची समजूतही काढली. उद्यापनाला आठ मुलं जेवायला. त्यांना दक्षिणा म्हणून पैसे द्यायचे नाहीत, कारण कथेतली मुलं त्याच पैशांची चिंच घेऊन खातात आणि सगळं व्रत पाण्यात जातं. म्हणून आईने पोरांच्या हातावर केळी ठेवली. एकाने रुपयाच पाहिजे म्हणून भोकाड पसरलं. आई जागची हलली नाही.

आता कुणी मला सांगावं की आईची भक्ती खोटी होती, देवी पडद्यावरून आली म्हणून. मी त्याला दारात उभा करणार नाही.

म्हणून 'कुणीतरी रचलेला देव' या आक्षेपात मला फार दम वाटत नाही. देव माणसापर्यंत सिनेमातून येईल, खेळातून येईल, नाहीतर आजीच्या गोष्टीतून. लायडन विद्यापीठाच्या मार्कुस डेव्हिडसन या अभ्यासकाने टोल्किनच्या कादंबऱ्यांतल्या देवतांना मानणाऱ्या लोकांवर प्रबंध लिहिलाय. अशी माणसं खरोखर आहेत. त्यांतले कितीतरी म्हणतात की टोल्किनने मनचं सांगितलं नाही, त्याला ते दिसलं. मला हे वाचून गंमत वाटली. आपल्याकडचा दृष्टान्त आणि हे, फार लांब नाहीत.

याउलट इंग्लंड आणि वेल्समध्ये २००१ च्या जनगणनेत साधारण ३ लाख ९० हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात जेडाय, म्हणजे 'स्टार वॉर्स' सिनेमातल्या योद्ध्यांच्या पंथाचं नाव लिहिलं. बहुतेकांनी थट्टेत, ईमेलवरून फिरलेल्या आवाहनामुळे. पुढे २०१६ मध्ये जेडायवाल्यांच्या एका संस्थेला तिथल्या धर्मादाय आयोगाने धर्म म्हणून मान्यता नाकारली. इतक्या डोक्यांच्या गर्दीत खरे भक्त मूठभरच. आणि इकडे आमचा एकटा, पहाटे गच्चीवर.

शनिवार

भाचा आज गाडीवरून सिद्धेश्वराला घेऊन गेला. तळ्याच्या कडेने चालताना मी त्याला गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची, आठवण करून दिली. संक्रांतीला आपण काय करतो? बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांचं लग्न लावतो. तेही त्यांचं नव्हे, त्यांच्या योगदंडाचं, कुंभारकन्येशी. सात नंदीध्वज येतात. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते उंच ध्वज कमरेच्या पट्ट्यावर पेलतात, त्यासाठी आधी कितीतरी रात्री सराव करतात. संमती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि अख्खं गाव ओरडतं, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" त्या गर्दीत कुणालाही विचारा, हे लाकूड आहे हे माहीत आहे का? माहीत असतंच. तरी अक्षता टाकताना हात खोटा पडत नाही.

"मग माझंही तेच आहे की," भाचा म्हणाला.

"तुझं तेच नाही," मी म्हटलं. "नंदीध्वज पेलणाऱ्याची कंबर धरते. तुझ्या आजीला शुक्रवारी चिंच सोडावी लागली. तुझा लॅथँडर तुझ्याकडून काय घेतो?"

"पहाटेची झोप घेतो की!"

हे मात्र मान्य करायला पाहिजे. इंजिनिअरिंगच्या पोराकडून पहाटेची झोप काढून घेणं साधं नाही. आईबापांना जमलं नाही ते.

पण माझा दुसरा मुद्दा राहिलाच होता. २००८ मध्ये या खेळाची चौथी आवृत्ती निघाली तेव्हा कंपनीने लॅथँडरला बाजूला केलं. तो मुळात अमौनेटर नावाचा जुना सूर्यदेवच होता असं गोष्टीत दाखवून टाकलं. पाचव्या आवृत्तीत तो परत आला. खेळ विझर्ड्स ऑफ द कोस्टचा, आणि ती कंपनी हॅस्ब्रोची. म्हणजे याच्या देवाचं असणं-नसणं बैठकीत ठरतं. संतोषी मातेचा सिनेमा कुणाच्या तरी मालकीचा असेल, पण आईच्या देव्हाऱ्यातली तसबीर कुणाच्या मालकीची नव्हती. निर्माता येऊन म्हणाला असता की बाई, देवी रद्द झाली, तर आईने त्यालाच गूळ-फुटाणे देऊन वाटेला लावलं असतं.

भाचा यावर बराच वेळ तळ्यातल्या बोटींकडे बघत राहिला. मग म्हणाला, "उद्या परत काढला त्यांनी, तरी मी उठणार."

"हे आत्ता म्हणतोयस."

"बघच तू."

त्याचं हे म्हणणं मला पटलं, आणि पटलं याचं जरा आश्चर्यही वाटलं. ज्या दिवशी कंपनी एक सांगेल आणि हा दुसरंच करेल, त्या दिवसापासून लॅथँडर कंपनीचा राहणार नाही. आज तो दिवस आलेला नाही, म्हणून आज मी याला अर्धा भक्त धरते. वहिनीला मात्र एवढंच सांगणार आहे की पोरगं पहाटे उठतंय तर उठू दे.

निघताना एक राहिलेलं विचारलं. मित्र पुढच्या वर्षी पुण्याला नोकरीला जातील, गच्ची सुटेल, डीएम उरणार नाही. मग हा देव तू कुणाला सांगशील? पोराबाळांना सांगशील?

"आत्या, आधी लग्न तर होऊ दे बे," म्हणून त्याने गाडीला किक मारली. आत्याला बे म्हणाला म्हणून वाटेत ऐकवलं ते वेगळं. उत्तर मात्र त्याने टाळलंय, म्हणून इथं लिहून ठेवते.